अडकलेला नट आणि नवारीची पट्टी: चोपड्याच्या एका केळीबागेतलं प्रकरण

मे महिन्यातली गोष्ट. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या बाजूला पाच एकर केळी. ऑक्टोबरात लावलेली कांदेबाग (केळीच्या त्या हंगामातल्या लागवडीचं नाव) निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला, आली होती. उन्हाचा पारा चव्वेचाळीसच्या वर, वारा भट्टीसारखा, आणि ठिबक दोन दिवसांपासून बंद. सकाळी सातला मला फोन आला. पलीकडून आप्पा बोलत होते, "दोन दिन व्हयी गयात, भाऊ. झाकन हालतच नही."

झाकण म्हणजे ठिबकच्या फिल्टरचं. मी ठिबकच्या दुरुस्तीची कामं करतो. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्या दोन दिवसांत शेतावर जे जे झालं ते मी खानदेशात दरवर्षी कुठे ना कुठे बघतो. प्लास्टिकचा नट अडकला की माणूस घरातला सगळ्यात मोठा पाना शोधतो. खरं नुकसान तिथून सुरू होतं.

पाच बाय पाच फुटांवर लागवड म्हणजे एकरी सतराशेच्या वर झाडं, पाच एकरात साडेआठ हजारांहून जास्त. कमळ बाहेर पडतं तेव्हा केळीला पाण्याचा ताण बसला तर घड लहान राहतो, फण्या भरत नाहीत. दोन दिवस पाणी नाही म्हणजे काय, हे आप्पांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सालदार पाटाने पाणी देत होता, पण विहिरीचं पाणी पाच एकराला तसं पुरणार नव्हतं.

मांडणी काय होती

आप्पा जीवामृत ठिबकमधून सोडतात. एकराला २०० लिटर, म्हणजे पाच एकराला हजार लिटरची टाकी. त्यात ५० किलो शेण, ५० लिटर गोमूत्र, १० किलो गूळ, १० किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन दिवस आंबवलं की गोणपाटातून गाळून सोडायचं. टाकीच्या तळाला टँक निप्पल, म्हणजे टाकीच्या भोकात बसणारा पाईपचा जोड, त्याला लागून दोन इंची कॉक, मग युनियन, म्हणजे नट सोडला की दोन भागांत सुटणारा जोड, मग चकत्यांचा डिस्क फिल्टर, त्याच्या पुढे दुसरं युनियन आणि दुसरा कॉक, आणि तिथून सबमेन, म्हणजे बागेत पाणी नेणारा पाईप. विहिरीचं पाणीही त्याच फिल्टरमधून जात होतं. इथेच पहिली चूक झाली होती. स्लरीला, म्हणजे या जीवामृताला, स्वतंत्र जाळी फिल्टर हवा होता. मुख्य फिल्टर शेणाच्या तंतूंनी भरला की सगळी बाग थांबते.

झालंही तसंच. फिल्टर चोंदला, पाणी पुढे जाईना. आप्पांच्या पोराने दोन्हीकडचे कॉक बंद केले आणि झाकण उघडायला घेतलं. झाकण फिरलं नाही. मग दोन्ही युनियन सोडून अख्खा फिल्टर बाहेर काढायचं ठरलं. तेही फिरले नाहीत. शेजारच्या मळ्यातून दोन फुटी पाईप पाना आला. एकाने टाकी धरली, दुसऱ्याने पाना ओढला. नट जागचा हलला नाही, पण टाकीवरचं टँक निप्पल फिरलं, आतला रबरी वायसर चिरला आणि तिथून पाणी ठिबकू लागलं. नटावर पान्याच्या दातांचे ओरखडे उमटले आणि दोन कंगोरे साफ गेले. संध्याकाळी कोणीतरी सगळ्यावर डिझेल ओतलं. रात्रभर ठेवूनही काही फरक पडला नाही.

मी पोचलो तेव्हा बोअरवेलवाल्याकडून चेन पाना मागवायचा विचार चालला होता. मी आधी तो थांबवला.

हात लावण्याआधी

पहिली गोष्ट दाबाची. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे कॉक बंद, मधे गूळ घातलेली स्लरी, वर मे महिन्याचं ऊन. आंबवण थांबत नाही, वायू तयार होत राहतो आणि त्याला जायला वाट नसते. फिल्टरवरच्या गेजचा काटा शून्यावर होता, म्हणून सगळ्यांनी दाब नाही असं धरलं होतं. पण गेजच्या बारीक छिद्रात शेणाचा गाळ वाळून बसला होता. काट्याला दाब कळणार कसा? झाकणाचा व्यास मोजला, १६ सेंटिमीटर. क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. आत अर्धा किलो दाब असला तरी झाकणाला आतून १०० किलो वजनाने ढकललं जातं. ते सगळं वजन आट्यांवर येतं आणि आटे एकमेकांत घट्ट रुततात. असं झाकण जोर लावून शेवटच्या आट्यापर्यंत आणलंच, तर ते तोंडावर उडू शकतं. मी सगळ्यांना बाजूला केलं, चेहरा झाकणाच्या रेषेतून बाहेर ठेवला आणि तळाचा छोटा फ्लशचा कॉक हळूहळू उघडला. आधी फुस्स असा आवाज, मग आंबट वास, मग फेस. बऱ्याच वेळाने तो थांबला.

झाकणाच्या कडेला हाताला पकडायला चार कान होते. समोरासमोरच्या दोन कानांमध्ये बाभळीचा हातभर दांडा आडवा घातला आणि दोन्ही टोकांना सारखा जोर देऊन फिरवलं. झाकण फिरलं. दोन दिवस जे अडलं होतं त्याचं कारण आतल्या वायूचा दाब होता. एका बाजूच्या कानावर पाना लावून ओढलं असतं तर कान तुटला असता, आणि झाकण नवं घ्यावं लागलं असतं.

डिस्कवर शेणाचा थर पापडासारखा बसला होता, आणि त्याखाली पांढरी खर. नुसतं धुऊन भागणार नव्हतं. फिल्टर बाहेर काढून भिजवणं भाग होतं, म्हणजे युनियन सोडणं भाग होतं.

दुसरी गोष्ट दिशेची. ही इतकी साधी आहे की सांगताना लोकांना अपमान वाटतो, पण मला सांगावीच लागते. फिल्टरच्या दोन बाजूंना दोन युनियन असतात आणि त्यांचे नट बहुतेक वेळा एकमेकांच्या उलट तोंडाने बसवलेले असतात. समोर उभं राहून दोन्ही नट एकाच बाजूला ओढले तर एक सुटतो आणि दुसरा आवळला जातो. खरी रीत अशी: नटाच्या पाठीमागे जायचं, नट पुढे सरकून ज्या आट्यांवर चढतो त्या दिशेला तोंड करायचं, आणि मग घड्याळाच्या उलट फिरवायचं. आप्पांच्या पोराला मी विचारलं, पुढचा नट कुठल्या बाजूला ओढत होतास? त्याने हाताने दाखवलं. पहिला अर्धा दिवस तो नट आवळत होता. त्याला मी बोललो नाही. वरच्या उन्हात, बागेची काळजी डोक्यात असताना, कोणाच्याही हातून हे होतं. खिशातला मार्कर काढला आणि दोन्ही ठिकाणी नटावरून खाली युनियनच्या अंगापर्यंत एक सरळ रेघ मारली. आता नट केसभर हलला तरी रेघ तुटलेली दिसणार होती. प्लास्टिकवर काम करताना ही रेघ फार उपयोगी पडते, कारण प्लास्टिक पिळवटतं आणि हाताला नट फिरल्याचा भास होतो.

पाईप पाना प्लास्टिकवर का चालत नाही

हा भाग मला सविस्तर सांगायचा आहे.

पाईप पाना लोखंडी गोल पाईपसाठी आहे. त्याचा एक जबडा थोडा हलता असतो, म्हणजे जितकं ओढाल तितका तो आत चावतो. लोखंडाला हा चावा सोसतो. प्लास्टिकचा नट मात्र दोन बाजूंनी दाबला की गोल राहत नाही, अंडाकृती होतो. जिथे जबडे लागलेत तिथे नट आतल्या आट्यांवर दाबला जातो आणि त्याच दोन जागी घर्षण वाढतं. आपण सोडवायला जोर लावतो आणि तोच जोर नटाला ब्रेकसारखा धरून ठेवतो. पटत नसेल तर पाण्याच्या बाटलीचं बूच दोन बोटांनी समोरासमोर घट्ट दाबून फिरवून बघा, मग तेच पाची बोटांनी भोवताली हलकं धरून फिरवा. फरक हाताला कळेल.

दुसरं लांबीचं. फूटभर दांड्याच्या टोकाला १५ किलो जोर लावला तर नटावर साडेचार किलो-मीटरचा पीळ येतो. दोन फुटी दांड्यावर त्याच जोराचा पीळ दुप्पट होतो, आणि माणूस दोन फुटी पाना धरला की १५ किलोवर थांबत नाही, अंग टाकतो. तो सगळा पीळ नटाने घेतला नाही तर पुढच्या कच्च्या जागी जातो. इथे ती जागा टँक निप्पल होती. म्हणून प्लास्टिकसाठी फुटाहून लांब दांडा मी वापरत नाही, आणि एका हत्याराने कधीच काम करत नाही. एकाने नट फिरवायचा, दुसऱ्याने युनियनचं अंग उलट बाजूला धरायचं. दोन्ही दांडे जवळ आणून मूठ वळल्यासारखे एकमेकांकडे ओढायचे. पीळ त्या दोघांमध्येच राहतो, टाकीपर्यंत पोचत नाही.

चेन पान्याचीही तीच गत. साखळी भोवताली फिरते हे खरं, पण कड्यांची टोकं प्लास्टिकात रुततात. जुन्या, उन्हाने भाजलेल्या फिटिंगवर त्या टोकापासूनच चीर जाते.

मी पट्टा पाना वापरतो. नायलॉनचा किंवा रबराचा पट्टा, एक दांडा, बस. पट्टा नटाच्या सगळ्या घेराला सारखा आवळतो, त्यामुळे नट गोलच राहतो. रबरी पट्टा कोरड्या, गुळगुळीत नटावर छान धरतो, ओल्यावर किंवा तेलकटावर घसरतो. नायलॉनचा पट्टा ताकदीला बरा. माझ्या पिशवीत दोन्ही असतात, पण त्या दिवशी एकच होता, दुसरा आदल्या आठवड्यात एका शेतकऱ्याने मागून नेलेला. दुसरा तिथेच करावा लागला.

आप्पांच्या मळ्यातल्या झोपडीत नवारीची जुनी खाट होती. तिची दोन हात लांब पट्टी घेतली. फूटभर लाकडी दांड्याच्या टोकाला करवतीने एक खाच पाडली. पट्टी दुहेरी करून खाचेतून ओवली आणि मागे गाठ मारली, पुढे राहिला फास. फास नटावर चढवायचा आणि दांड्याला एक पीळ देऊन तो आवळायचा. दिशा मात्र सांभाळायची. ज्या बाजूला दांडा ओढणार त्या बाजूला फास घट्ट होत गेला पाहिजे. उलटा चढवला तर तो ढिला होऊन घसरतो आणि हात सोलतो. नवार सुती आणि खरबरीत, त्यामुळे कोरड्या प्लास्टिकवर ती बाजारच्या रबरी पट्ट्याइतकीच धरते. घसरली तर खडूची पूड चोळायची. सायकलच्या ट्यूबचं रबरही चालतं, पण ते ताणलं जातं, म्हणून फिरवण्यापेक्षा धरून ठेवायला बरं.

पण आधी नट धुवायला हवा होता. डिझेलने सगळं तेलकट झालं होतं, कुठलाच पट्टा धरला नसता. साबणाने दोनदा धुतलं, फडक्याने कोरडं केलं. डिझेल, रॉकेल, ग्रीस ही लोखंडी गंजाची औषधं आहेत, इथे गंज नव्हताच. वर युनियनमधली ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, जर ईपीडीएम रबराची असेल तर ती खनिज तेलाने फुगते आणि जागा सोडते. तिथे लावायचं असेल तर सिलिकॉन ग्रीस.

दोन नट, दोन रोग

टाकीकडचा नट आधी घेतला. कडेला पांढरी खर होती. त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले, बारीक फेस आला. म्हणजे चुना. आमच्या भागात विहिरींचं पाणी जड आहे, थेंबाथेंबाने गळून वाळलं की आट्यांत चुन्याचं सिमेंट होतं. त्याला जोर लावायचा नसतो, ते विरघळवायचं असतं. लिंबू फूल (सायट्रिक ॲसिड) १०० ग्रॅम, कोमट पाणी एक लिटर, त्यात भिजवलेलं फडकं नटाभोवती गुंडाळलं आणि वाळू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी बांधली. तासभर. मधे एकदा फडकं पुन्हा भिजवलं. ठिबकच्या ॲसिड ट्रीटमेंटचं जोरदार ॲसिड कोपऱ्यात ठेवलेलं होतं आणि आप्पा म्हणाले तेच ओतू. मी नको म्हटलं. उघड्या जागी, हाताजवळ, ते लागत नाही. आणि शेजारी ब्लिचिंग पावडर असेल तर त्या दोन वस्तू कधीच एकत्र येऊ द्यायच्या नाहीत, विषारी क्लोरीन वायू निघतो.

तासाने गरम पाणी मागवलं. उकळतं नको. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मऊ नट पट्ट्यानेही वेडावाकडा होतो. हात बुडवला तर चटका बसेल पण वाफा उसळणार नाहीत, साठ अंशांच्या जवळपास, एवढं पुरे. कॉक उघडून युनियनमध्ये विहिरीचं गार पाणी भरून ठेवलं आणि गरम पाण्याची धार फक्त नटावर सोडली. पीव्हीसी एका मीटरला एका अंशाने सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतं. नटाचा व्यास ९० मिलिमीटर, त्याचं तापमान तीस अंशांनी वाढलं तर तो ०.२ मिलिमीटरच्या आसपास फुगतो. आतला भाग गार राहिला तर तेवढी फट मिळते. ऐकायला काहीच नाही, पण आट्यांना एवढीच हवी असते. भर दुपारी सगळंच तापलेलं असताना हा उपाय नीट साधत नाही, आत-बाहेर फरकच उरत नाही. म्हणून मी हे काम सकाळी करतो.

नट पुसून कोरडा केला. नवारीचा फास युनियनच्या अंगावर, तो पोराच्या हातात. माझा पट्टा नटावर. आधी किंचित आवळायच्या बाजूला दाब दिला, जेणेकरून आतला थर तडकावा. मग सोडायच्या बाजूला, झटका न देता, सलग. झटक्याने जुनं प्लास्टिक तडकतं. काही क्षण काही झालं नाही. मी लाकडी ठोकळ्याने नटाच्या भोवताली हलक्या टकटक्या दिल्या आणि पुन्हा ओढलं. पोराचं लक्ष मार्करच्या रेघेवर होतं. तो ओरडला, "फिरस, भाऊ, फिरस!"

पुढचा नट तसा नव्हता. त्यावर व्हिनेगरने फेस आला नाही. कडेला सुताचे दोन तंतू आणि पिवळट पांढरं काहीतरी दिसलं. नखाने खरवडलं, तर कडक, पापुद्रा निघेना. सफेदा आणि सूत. कोणीतरी कधीतरी गळती थांबवायला लोखंडी पाईपची रीत युनियनच्या आट्यांवर वापरली होती. युनियनच्या नटाच्या आट्यांनी पाणी अडवायचं नसतंच, ते काम आतली ओ-रिंग करते. ओ-रिंग खराब झाली होती, ती बदलायची सोडून आटे भरले होते. वर अर्धा दिवस तो नट उलट आवळला गेला होता, आणि पाईप पान्याने कंगोरे खाल्लेले.

गरम पाणी दिलं, दोन्ही पट्टे लावले, दोनदा सलग ओढलं. रेघ जशीच्या तशी. तिसऱ्यांदा ओढलं नाही. नटाच्या उन्हाकडच्या बाजूला बोट फिरवलं तर बोटाला पांढरी भुकटी लागली. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेलं प्लास्टिक असं भुकटी सोडतं, आणि असा नट सुटला तरी पुन्हा भरवशाचा नसतो. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "आते कापनंच पडी का?" म्हटलं, हो आप्पा, पण फक्त नट.

हेक्सा ब्लेडने नटावर पाईपच्या लांबीच्या दिशेने एक काप घेतला. आट्यांना लागायच्या आधी थांबलो. समोरच्या बाजूला तसाच दुसरा. कापात रुंद स्क्रू ड्रायव्हर घालून हळूच पीळ दिला, नट दोन तुकड्यांत उघडला. आतले आटे शाबूत होते. वायरच्या ब्रशने नाही, जुन्या दात घासायच्या ब्रशने सफेदा काढला. नट नवा, ओ-रिंग नवी. सगळं युनियन सोल्युशनने चिकटवलेलं असतं तर पाईप कापून नवं बसवावं लागलं असतं. अशा जोडावर पाना लावून वेळ घालवू नये.

मग टँक निप्पल. टाकी रिकामी करावी लागली, म्हणजे आठशे लिटर जीवामृत ड्रममध्ये आणि बादल्यांत काढलं. चिरलेला वायसर बदलला. खरं सांगायचं तर त्या दिवशीचा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि पाईप पाना आला नसता तर हे कामच नव्हतं.

डिस्का लिंबू फुलाच्या पाण्यात भिजवून, ब्रशने एकेक धुऊन परत ओवल्या. संध्याकाळी पाचला पाणी सुरू झालं. शेवटच्या ओळीच्या एंड कॅप उघडून नळ्या धुतल्या, त्यातून काळं पाणी बराच वेळ येत राहिलं.

पिशवीत काय ठेवावं

आप्पांनी विचारलं म्हणून त्यांना जे घ्यायला सांगितलं तेच इथे सांगतो. दीड ते चार इंचांच्या नटांसाठी दोन पट्टा पाने, जोडीने. एक घेऊन उपयोग नाही. इंचाच्या आतल्या नटांवर पट्टा बसत नाही, तिथे वॉटर पंप पक्कड, पण जबडा आणि नट यांच्या मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून आणि दोन बोटांच्या जोरानेच. कान असलेल्या झाकणांना बाभळीचा दांडा. एक हेक्सा ब्लेड, मार्कर, लाकडी ठोकळा, लिंबू फुलाची पुडी, सिलिकॉन ग्रीसची लहान नळी आणि आपल्या युनियनच्या मापाच्या दोन ओ-रिंगा. पाईप पाना असेल तर मोटारीच्या जीआय पाईपसाठी ठेवा, तो वाईट हत्यार नाही, त्याचं काम वेगळं आहे.

बसवताना दोन्ही नट हाताने घट्ट केले आणि वर पट्ट्याने पाव फेरा. आट्यांवर काही लावलं नाही, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं. स्लरीसाठी टाकीजवळ वेगळा जाळी फिल्टर बसवला, त्याची लाइन मुख्य फिल्टरच्या आधी आणली. जीवामृत सोडून झालं की साधं पाणी काही वेळ सोडून मगच कॉक बंद करायचे, आणि मधला फ्लशचा कॉक उघडा ठेवायचा, एवढं पोराने पाठ केलं. नटांवर गोणपाट बांधून सावली केली.

जूनच्या अखेरीला, पहिल्या पावसानंतर, त्या रस्त्याने जाताना थांबलो. घड बऱ्यापैकी लागले होते. ज्या आठ-दहा झाडांना पाणी अजिबात पोचलं नव्हतं, बांधाकडच्या उंचवट्यावरच्या, त्यांच्या वरच्या फण्या आखूड राहिल्या होत्या. आप्पांनी त्या हाताने दाखवल्या. पोराने माझ्यासमोर दोन्ही युनियन हाताने सोडले, डिस्का धुतल्या आणि परत बसवले. नवारीचा पट्टा झोपडीच्या खुंटीला टांगलेला होता.